तिसरी मतपत्रिका

६ मे २०२१ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात मतदानाला गेलेल्या माणसाच्या हातात तीन मतपत्रिका पडल्या. पहिली आपल्या प्रभागाचा नगरसेवक निवडण्यासाठी. दुसरी साउथ यॉर्कशरच्या पोलिसांच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या आयुक्तासाठी. हे पद तेव्हा तिकडे लोकांनी निवडून द्यायचे असे. तिसऱ्या मतपत्रिकेवर मात्र ना उमेदवार होता, ना पक्ष. तिच्यावर एक प्रश्न होता: शहराचा कारभार आज चालतो तसा नेता आणि त्याची कॅबिनेट यांच्या हातात राहू द्यायचा, की नगरसेवकांच्या समित्यांकडे द्यायचा?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निकाल आले आणि बातम्या झाल्या त्या पहिल्या मतपत्रिकेच्या. ८४ जागांच्या सिटी कौन्सिलमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत महापालिकेत, मजूर पक्ष ४९ वरून ४१ वर आला. बहुमताला ४३ लागतात. लिबरल डेमोक्रॅट २९, ग्रीन पक्ष १३ आणि हुजूर पक्षाचा एक, असा उरलेला हिशेब. महापालिकेचे नेते बॉब जॉन्सन यांना स्वतःचा हिल्सबरो प्रभागही राखता आला नाही. तिथे ग्रीन पक्षाने त्यांना हरवले. ज्या शहरात मजूर पक्षाने १९२६ साली सत्ता मिळवली आणि मधली मोजकी वर्षे सोडली तर हातची जाऊ दिली नाही, तिथे हे घडले. बातमी मोठी होतीच.

पण माझ्या मते त्या दिवशीचा खरा निकाल तिसऱ्या मतपत्रिकेचा होता. समित्यांच्या बाजूने ८९,६७० मते पडली, आहे तीच पद्धत ठेवा म्हणणारी ४८,७२७. म्हणजे १०० पैकी ६५ लोकांनी सांगितले की, आमच्या शहराचा कारभार चालवायची रीतच बदला. सत्तेत कोण बसले हा निकाल दर निवडणुकीला लागतो. सत्तेची बैठक कशी असावी यावर शहराने निकाल दिला, असे फार क्वचित होते. आणि म्हणूनच हा निकाल पाच लाखांहून अधिक वस्तीच्या त्या एका शहरापुरता ठेवून देण्यासारखा नाही, असे मला मनापासून वाटते.

हा प्रश्न मतपत्रिकेवर आला कसा, ते सांगायला झाडांपासून सुरुवात करावी लागते.

शेफील्ड म्हणजे पोलादाचे शहर, पण तिथे राहून आलेला कुणीही आधी झाडांबद्दल बोलतो. टेकड्यांवर वसलेले, उतरत्या रस्त्यांचे गाव आणि त्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून उभी असलेली झाडे. नुसती रस्त्यांच्या कडेची झाडेच सुमारे ३६,००० होती. २०१२ साली महापालिकेने ॲमी या कंपनीशी २५ वर्षांचा करार केला. रक्कम २२० कोटी पौंड. रस्ते, पदपथ, दिवे आणि रस्त्यांवरची झाडे, सगळ्यांची देखभाल कंपनीकडे. हा करार दुष्ट हेतूने झाला असे मी म्हणणार नाही. शहरातले रस्ते खड्ड्यांनी भरलेले होते, तिजोरीत पैसा नव्हता, आणि खाजगी कंपनीने आधी खर्च करायचा व महापालिकेने तो वर्षानुवर्षे फेडायचा, यालाच लंडनचे सरकार मदत देत होते. दुसरी वाट जवळपास ठेवलेलीच नव्हती.

पण पदपथ सरळ करायचा तर मुळे आड येतात, आणि मुळे काढण्यापेक्षा झाड काढणे स्वस्त पडते. कुऱ्हाड चालू लागली. लोक विचारायला गेले तेव्हा उत्तर मिळे की, जी झाडे मेलेली, रोगट किंवा धोक्याची आहेत तीच काढली जातात. प्रत्यक्षात चेल्सी रोडवरचा एल्म वृक्ष, ज्याच्यावर दुर्मीळ फुलपाखरांची वीण होत असे, तोही यादीत होता. डोर भागातला व्हर्नन ओक यादीत होता. क्रुक्स भागातल्या वेस्टर्न रोडवर पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ लावलेली झाडे होती, त्यांच्यापैकीही काही यादीत होती. मार्च २०१८ मध्ये करारातला तोवर झाकून ठेवलेला मजकूर बाहेर आला आणि आकडा कळला: १७,५०० झाडे बदलायची. जवळपास निम्मी.

मधल्या काळात काय काय झाले त्यातला एकच दिवस सांगतो. १७ नोव्हेंबर २०१६. एंडक्लिफ पार्कजवळचा रस्टलिंग्ज रोड. पहाटे पाचच्या सुमाराला, अंधारातच, पोलिसांनी दारे ठोठावून लोकांना उठवले आणि रस्त्यावरच्या गाड्या हलवायला सांगितले. रस्त्यावरची आठ लाइमची झाडे पाडायची होती. (लाइम म्हणजे आपले लिंबू नव्हे; तिकडचा उंच, मोठ्या सावलीचा लिंडन वृक्ष.) लोक अंगावर मिळेल ते चढवून बाहेर आले. झाडाखालून हटायला नकार दिला म्हणून सत्तरी गाठलेल्या दोन स्त्रियांना अटक झाली. अटक ज्या कायद्याखाली झाली तो १९९२ चा कामगार संघटनांबाबतचा कायदा. कामगारांच्या जिवावर उभ्या राहिलेल्या पक्षाच्या महापालिकेच्या कामासाठी, कामगारांच्या पिकेटिंगवर, म्हणजे संपात कामाच्या दाराशी धरणे धरण्यावर, वापरायचे कलम दोन आजीबाईंवर लावले गेले. पुढे ते आरोप मागे घेतले गेले. त्या भागाचे खासदार निक क्लेग, जे त्याआधी देशाचे उपपंतप्रधान होते, त्यांना ते दृश्य पाहून पुतिन यांच्या रशियाची आठवण झाली आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितले.

मराठी वाचकाला इथे आरे आठवल्याशिवाय राहणार नाही. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवले तोवर २,१४१ झाडे पडलेली होती. दोन्हीकडे कारणे वेगळी, कायदे वेगळे. सारखी आहे ती वेळ. लोक झोपेत असतानाच काम उरकायचे, याचा अर्थ काम करणाऱ्यालाही ठाऊक असते की लोकांची संमती आपल्याकडे नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. एवढा क्षोभ होता तर निवडून आलेल्या सभागृहात तो दिसला का नाही? शेफील्डमध्ये २८ प्रभाग, प्रत्येक प्रभागात तीन नगरसेवक. ८४ माणसे. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या दारातली झाडे पडत होती, त्यांना मतदार रोज गाठत होते. तरीही काही हलले नाही, कारण त्या ८४ पैकी बहुतेकांच्या हातात निर्णय नव्हताच.

ही व्यवस्था टोनी ब्लेअर यांच्या सरकारने २००० सालच्या स्थानिक स्वराज्य कायद्याने आणली. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे इंग्लंडमधल्या महापालिका समित्यांनी चालत. घरबांधणीची समिती, शिक्षणाची समिती, रस्त्यांची समिती. प्रत्येक नगरसेवक कुठल्या ना कुठल्या समितीवर. निर्णय तिथे व्हायचा. नव्या कायद्याने थेट निवडलेला महापौर किंवा नेता आणि कॅबिनेट, असे पर्याय दिले. कॅबिनेट जास्तीत जास्त दहा जणांची, नेता धरून. म्हणजे शेफील्डमध्ये ८४ पैकी निदान ७४ नगरसेवक निर्णयाच्या खोलीबाहेर. त्यांनी वर्षातून एकदा अंदाजपत्रकावर मत द्यायचे, धोरणांच्या मोठ्या आराखड्यावर हात वर करायचा, आणि एरवी झालेल्या निर्णयांची छाननी करणाऱ्या समितीवर बसायचे. छाननी समितीला निर्णय फेरविचारासाठी परत पाठवता येतो. परत पाठवला की तो त्याच दहा जणांच्या टेबलावर जातो.

माझी तक्रार या ७४ जणांबद्दल आहे, आणि ती त्यांच्या बाजूने आहे. आपण नगरसेवक निवडतो तेव्हा त्याला काय देतो? आपल्या वतीने ठरवण्याचा अधिकार. तो त्याच्याकडे नसेल तर आपले मत पोचले कुठे? रस्टलिंग्ज रोडवरच्या मतदाराने ज्याला निवडले तो नगरसेवक फार तर पत्र लिहू शकत होता, सभेत प्रश्न विचारू शकत होता आणि छापील उत्तर घेऊन घरी परत येऊ शकत होता. सत्ताधारी पक्षाचा असेल तर तेही अवघड, कारण पक्षाचा आदेश. विरोधातला असेल तर त्याच्या प्रश्नाला वजन नाही. अशा वेळी माणूस झाडाखाली जाऊन उभा राहतो. ग्रीन पक्षाच्या एलिसन टील या नगरसेविका होत्या, आणि त्याही शेवटी झाडाखालीच उभ्या राहिल्या. सभागृहात निवडून गेलेल्या बाईंना आपले म्हणणे मांडायला पदपथ हीच जागा उरली. त्यांच्याच महापालिकेने त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल कोर्टात खेचले. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायालयाने तो खटला काढून टाकला.

मतपेटीतून राग दिसत होता, पण थेंबाथेंबाने. तिथे दर वर्षी एक तृतीयांश जागांसाठी निवडणूक होते. तीन वर्षे लागोपाठ आणि मग एक वर्ष रिकामे. २०१६ मध्ये नव्या प्रभागरचनेमुळे सगळ्या जागांचे मतदान झाले तेव्हा मजूर पक्षाकडे ५७ जागा होत्या. २०१८ नंतर ५३. २०१९ नंतर ४९. प्रत्येक वेळी चार-चार जागा गेल्या, आणि प्रत्येक वेळी बहुमत शाबूत राहिले. ५७ वाल्या कॅबिनेटची जेवढी सत्ता, तेवढीच ४९ वाल्या कॅबिनेटची. घट होत असलेला पाठिंबा सत्तेच्या दारापर्यंत पोचतच नव्हता. तो ४३ च्या उंबऱ्याला अडत होता. इंग्लंडमध्ये स्थानिक निवडणुकांतही ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, हीच आपल्यासारखी पद्धत आहे. शेजारच्या स्कॉटलंडने २००७ पासून स्थानिक निवडणुकांत पसंतीक्रमाची, प्रमाणशीर पद्धत घेतली. इंग्लंडने घेतली नाही. इंग्लंडच्या या पद्धतीचा शेवट कुठवर जाऊ शकतो ते मँचेस्टरने दाखवले आहे. २०१४ च्या निवडणुकीनंतर तिथल्या ९६ जणांच्या महापालिकेत विरोधी पक्षाचा एकही सदस्य उरला नव्हता. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे जॉन लीच निवडून आले आणि सभागृहात विरोधक म्हणून एकटे बसले. मँचेस्टरमधले सगळे लोक मजूर पक्षाचे होते का? अर्थातच नाही. पण सभागृहाकडे पाहणाऱ्याला तसेच वाटले असते.

अशी निवडणुकीची पद्धत आणि तिच्यावर दहा जणांची कॅबिनेट, या दोन्ही एकत्र आल्या की काय होते ते शेफील्डच्या रस्त्यांवर घडले. पुढे सर मार्क लोकॉक यांनी या प्रकरणाची स्वतंत्र चौकशी केली. हे गृहस्थ संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी मदतकार्याचे प्रमुख राहिलेले, म्हणजे गावातल्या राजकारणाशी देणेघेणे नसलेले. त्यांचा अहवाल मार्च २०२३ मध्ये आला. महापालिकेने लोकांची आणि न्यायालयाचीही दिशाभूल केली, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. लोकांच्या म्हणण्यासाठी नेमलेल्या स्वतंत्र पॅनेलने वाचवायला सांगितलेली बरीच झाडे महापालिकेने तरीही तोडायची ठरवली होती. जून २०२३ मध्ये महापालिकेने सविस्तर जाहीर माफी मागितली. तोवर पाच हजारांहून अधिक झाडे गेलेली होती. नवी रोपे लावली आहेत, पण शंभर वर्षांची सावली रोप देत नाही.

चळवळ इथे थांबली असती तर ती झाडांची चळवळ म्हणून लक्षात राहिली असती. पण शेफील्डच्या काही लोकांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि मला त्यांचे सर्वांत जास्त कौतुक याचेच आहे. त्यांनी विचारले: हे पुन्हा होणार नाही याची हमी काय? नेता बदलला, पक्ष बदलला, तरी दहा जणांची खोली तीच राहणार. मग ती खोलीच बदलली पाहिजे. डेव्हिड कॅमेरन यांच्या आघाडी सरकारने केलेल्या २०११ च्या लोकलिझम कायद्यात एक कलम होते. शहरातल्या पाच टक्के मतदारांनी सह्या केल्या तर कारभाराच्या पद्धतीवर सार्वमत घ्यावेच लागते, आणि त्याचा निकाल महापालिकेवर बंधनकारक असतो. ‘इट्स अवर सिटी’ नावाच्या गटाने सह्या गोळा करायला घेतल्या. हव्या होत्या सुमारे वीस हजार. जमल्या २६,००० च्या वर. बाजारात, उद्यानाच्या फाटकाशी, दारोदार जाऊन, कागदावर. कॅबिनेट आणि समिती यांच्यातला फरक हा काही माणसाला थांबवून समजावण्याइतका चटकदार विषय नाही. तरी त्यांनी तो हजारो वेळा समजावला. सार्वमत मे २०२० मध्ये व्हायचे होते, करोनामुळे वर्षभर लांबले.

त्याच दिवशी लंडनच्या न्यूहॅम भागातही असेच सार्वमत झाले. तिथल्या लोकांनी समित्या नाकारल्या आणि थेट निवडलेला महापौर कायम ठेवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्याच क्रॉयडन भागाने तर कॅबिनेट सोडून थेट महापौर मागून घेतला, तोही जबरदस्त बहुमताने. वर्षभराने ब्रिस्टलमध्ये उलटे झाले: २०१२ च्या सार्वमतात स्वीकारलेले महापौरपद २०२२ मध्ये ५९ टक्के मतांनी रद्द करून लोकांनी समित्या आणल्या. ही उदाहरणे माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातात असे कुणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. समित्याच सर्वत्र हव्यात असा माझा हट्ट नाही. क्रॉयडनचा अनुभव वेगळा होता, त्यांनी वेगळे ठरवले. ठरवले त्यांनी, हे महत्त्वाचे.

समित्यांवरचे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. समितीत वेळ जातो. चूक झाली तर नेमके कुणाला धरायचे ते कळत नाही. आणि जुन्या काळातही सत्ताधारी पक्ष आपल्या बैठकीत आधी ठरवून येई व समितीत फक्त शिक्का मारला जाई, हेही खरे आहे. पक्षाचा आदेश समितीच्या दाराशी चपला काढून आत येत नाही. पण एका माणसाच्या हाती अधिकार दिले की जबाबदारी आपोआप ठरते, या म्हणण्याला आधार काय? बर्मिंगहॅममध्ये नेता आणि कॅबिनेटच होती. ५ सप्टेंबर २०२३ ला त्या महापालिकेने अत्यावश्यक सोडून नवा खर्च करता येणार नाही अशी नोटीस काढली. व्यवहारात ते दिवाळेच. स्त्री कर्मचाऱ्यांचे समान वेतनाचे थकलेले दावे आणि फसलेली संगणक प्रणाली यांचे ओझे वर्षानुवर्षे साठत होते. सरकारी अनुदानातली २०१० नंतरची कपात हे त्यातले मोठे कारण आहे आणि ते कुठल्याच कारभारपद्धतीने टळले नसते. पण थोड्या हातांत सत्ता असली म्हणून धोका आधी दिसला, असेही झाले नाही.

शेफील्डपुरते बोलायचे तर त्या शहराची सर्वांत मोठी सार्वजनिक कामे समित्यांच्याच काळातली आहेत. स्टेशनमागच्या टेकडीवर आजही उभी असलेली पार्क हिल वसाहत १९५७ ते १९६१ मध्ये महापालिकेने बांधली. झोपडपट्टी हटवून माणसांना ऊन-वारा आणि नळाचे पाणी देणारी घरे. समित्यांनी काम अडते म्हणणाऱ्याने आधी तिथे जाऊन यावे.

आणि वेळेचा मुद्दा घेतला तरी, झाडांच्या बाबतीत वेळ गेला असता तर काय बिघडले असते? रस्त्यांच्या समितीवर चार पक्षांचे नगरसेवक असते, त्यांच्यापुढे कराराचा मजकूर आला असता, १७,५०० हा आकडा कुणाच्या तरी डोळ्यांत खुपला असता. सहा महिने उशीर झाला असता. त्याऐवजी घाईने जे केले ते निस्तरण्यात महापालिकेची जवळजवळ दहा वर्षे गेली.

२०२१ च्या निकालानंतर काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. बहुमत गेल्यावर मजूर पक्षाने ग्रीन पक्षाशी समझोता केला. टेरी फॉक्स नेते झाले, आणि ज्यांना चार वर्षांपूर्वी कोर्टात उभे केले होते त्या एलिसन टील महापालिकेच्या कार्यकारिणीत बसल्या. मे २०२२ पासून समित्या सुरू झाल्या. परिवहन, गृहनिर्माण, शिक्षण, प्रौढांची देखभाल अशा विषयांच्या समित्या, आणि प्रत्येकीवर पक्षांच्या संख्याबळानुसार सदस्य. कुणाही एका पक्षाला एकट्याने काही रेटता येत नाही. यातून शहरात रामराज्य आले नाही. वृद्धांच्या देखभालीचा खर्च वाढतोच आहे, पैसा तोकडाच आहे. फरक एवढाच की, ८४ जणांना काम आहे, आणि प्रभागातल्या माणसाने आपल्या नगरसेवकाला धरले तर तो ‘माझ्या हातात नाही’ असे सहज म्हणू शकत नाही.

हे सगळे आत्ता लिहायचे कारण असे की, लंडनच्या सरकारला हे नकोसे झाले आहे. जुलै २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या, इंग्लंडमधल्या सत्तेच्या विकेंद्रीकरणाच्या विधेयकात, मूळ मसुद्यात, समिती-पद्धत मोडून सगळ्या महापालिकांनी नेता आणि कॅबिनेटकडे जावे अशी तरतूद होती. ब्रिस्टल आणि शेफील्ड या दोन्ही शहरांतून त्याला विरोध झाला. अशा मसुद्याला पुढे सवलती आणि अपवाद जोडले जातात. त्यांनी माझा आक्षेप कमी होत नाही, कारण आक्षेप मूळ विचारावर आहे. विकेंद्रीकरण म्हणजे वरचे अधिकार खाली देणे. त्या नावाच्या विधेयकात खालच्यांनी मतदान करून ठरवलेली गोष्ट वरून पुसण्याचे कलम कसे काय येते? एकसारखी पद्धत असली की कारभार समजायला सोपा जातो, असे कारण दिले जाते. कुणाला सोपा? शेफील्डच्या माणसाला आपल्या शहराचा कारभार कळतो. त्याने तो २६,००० सह्या जमवण्याइतका नीट समजून घेतला. सोपे व्हायला हवे आहे ते मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला, ज्याला एका नमुन्याचे एकच पत्र सगळ्यांना पाठवायचे आहे.

कुणी म्हणेल की सार्वमताला मतदारांपैकी जेमतेम एक तृतीयांश आले होते, त्याचा एवढा मान कशाला? पण त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर, साधारण तेवढ्याच लोकांनी नगरसेवक निवडले. त्या नगरसेवकांचा अधिकार कुणी अमान्य केला नाही. एकाच माणसाने एकाच पेन्सिलीने दोन कागदांवर फुल्या केल्या. त्यातली एक खरी आणि एक हलकी, असे कसे?

इथे आपल्याकडे पाहिल्याशिवाय राहवत नाही. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा मुळात महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त अशी तीन अधिकारस्थाने मानत होता. समितीत बसून शहर चालवायचे ही कल्पना आपल्यालाही त्याच काळापासून ओळखीची आहे. पण शहर कसे चालावे हे ठरवायला आम्हाला कधी कुणी बोलावले? महाराष्ट्रात नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा असे २०१६ मध्ये ठरले. सरकार बदलले, २०२० मध्ये ते रद्द झाले. पुन्हा सरकार बदलले, २०२२ मध्ये ते परत आले. प्रभाग एका नगरसेवकाचा की तिघांचा की चौघांचा, हेही असेच बदलत राहिले. प्रत्येक वेळी कारण लोकशाहीचे दिले गेले आणि एकदाही लोकांना विचारले गेले नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे आणि इतर महापालिकांच्या मुदती संपल्या, आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे लोकांनी निवडलेले कुणीच नव्हते, प्रशासक होते. इतका काळ नगरसेवकच नव्हते, तरी शहरात सह्यांची मोहीम उभी राहिली नाही, कारण सह्या करून द्यायच्या कुणाला, असे कलमच आपल्या कायद्यात नाही. ते असावे असे मला वाटते. पाच टक्के सह्या, बंधनकारक मतदान, आणि मग दहा वर्षे त्या प्रश्नाला हात लावायचा नाही. २०११ च्या त्या इंग्लिश कायद्यात बरेच काही आपल्याला नको असेल. हे एक कलम जसेच्या तसे घेण्याजोगे आहे.

तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींना मी हे आवर्जून सांगत असतो. शेफील्डमध्ये दोन विद्यापीठे आहेत, मोठी रुग्णालये आहेत, आपली माणसे तिथे आहेत. भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून तिथे कायदेशीर राहणाऱ्याला मतदारयादीत नाव घालता येते, महापालिकेला मत देता येते, आणि असल्या सार्वमताच्या अर्जावर सहीही करता येते. बहुतेकांना हे माहीत नसते. दोन-तीन वर्षांसाठी आलो आहोत, इथल्या महापालिकेशी आपला काय संबंध, असे वाटते. पण आपण ज्या रस्त्यावरून रोज कामाला जातो, तो रस्ता कुणी ठेवायचा आणि त्याच्यावरचे झाड कुणी तोडायचे, हे त्या दोन-तीन वर्षांतच ठरत असते.

चेल्सी रोडवरचा एल्म वाचला. समित्या वाचतील की नाही, हे लंडनवर सोडायचे कारण नाही. त्या चालत नाहीत असे शेफील्डला वाटू लागले, कारभार खरोखरच रेंगाळला, कुणालाच जाब विचारता येईनासा झाला, तर २०११ च्या त्या कायद्यातच वाट आहे: दहा वर्षे झाल्यावर, म्हणजे २०३१ मध्ये, पुन्हा सार्वमत मागता येते. त्यासाठी सुमारे वीस हजार सह्या लागतात. शेफील्डच्या लोकांना त्या कशा जमवायच्या ते माहीत आहे.